पाचव्या उपवासाचा आकडा

जसुमतीबेन झवेरींच्या डाव्या दंडावर सेन्सर बसला तो मंगळवारी, जैनांचं आठ दिवसांचं पर्युषण सुरू व्हायला तीन दिवस असताना. नर्सने दंड पुसला, टक्कन आवाज झाला आणि शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी पांढरी चकती कातडीला चिकटली. जसुमतीबेननी डोळे मिटून नवकार मंत्र सुरू केला होता, तो अर्ध्यावरच राहिला.

"झालं? मला वाटलं भोसकणार."

डॉक्टर वांकावालांना त्यांच्या साखरेचा मेळ लागत नव्हता. रात्री इन्सुलिनचं इंजेक्शन, सकाळी दोन गोळ्या, तरी तपासणीत कधी दोनशे ऐंशी निघायची, कधी ऐंशी. बोट टोचून काढलेला आकडा त्या क्षणापुरता असतो. चकती मात्र चौदा दिवस दर पाच मिनिटांनी आकडा फोनवर पाठवणार होती आणि त्यांची रेघ काढणार होती.

"हे चौदा दिवस जसं जगता तसंच जगा," डॉक्टर म्हणाले. "माझ्या धाकाने पथ्य पाळू नका. मग कळेल साखर कुठे चढते आणि कुठे उतरते."

फोन सुनेचा होता, निरालीचा. तिचा नवरा सौमिल हिऱ्यांच्या कामासाठी हाँगकाँगला असायचा. गोपीपुऱ्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ती, सासू आणि सासरे रसिकलाल, एवढीच माणसं. निराली घरीच बारावीच्या मुलींना संख्याशास्त्र शिकवायची. रेघा आणि आकडे तिला नवीन नव्हते.

बुधवारी दुपारी चारला शिकवता शिकवता तिने फोन पाहिला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून सासूला हाक मारली.

"बा, काय खाल्लंत?"

"कुठे काय? पाणी प्यायले."

"पाण्याने एकशे चाळीसचे दोनशे दहा होत नाहीत."

आत डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. "मोहनथाळ. नखाएवढा तुकडा."

"नखाएवढा की हाताएवढा, ते अर्ध्या तासात कळेल."

मुली हसल्या. पेपरामागून रसिकलाल म्हणाले, "चाळीस वर्षं मला जमलं नाही, ते या बटणाने दोन दिवसांत केलं. खरं बोलायला लावलं हिला."

"हातावर पोलीस बसवलाय मेला," बा म्हणाल्या.

अठ्ठाईचा विषय त्याच संध्याकाळी निघाला. बा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. आठ दिवस फक्त उकळलेल्या पाण्यावर राहायचा हा उपवास त्यांनी एकोणतिसाव्या वर्षी एकदा केला होता. मधुमेह लागल्यापासून सतरा वर्षं पर्युषणात एकवेळच्या जेवणावर भागवावं लागत होतं. दर वर्षी दुसऱ्यांच्या पारण्याला जायचं, तपस्व्याला मुगाचं पाणी पाजायचं आणि घरी येऊन इंजेक्शन टोचून घ्यायचं, याचा त्यांना कंटाळा आला होता.

"डॉक्टर काय म्हणाले? जसं जगता तसंच जगा. मी जैन बाई आहे. पर्युषणात मी उपवास करणार."

"इन्सुलिन घेणारी बाई आठ दिवस पाण्यावर?" रसिकलालनी पेपर खाली ठेवला. "नाही म्हणजे नाही."

"तुम्ही आडवे येऊ नका. अंतराय बांधाल."

त्यावर रसिकलालनी पेपर पुन्हा उचलला. दुसऱ्याच्या तपात आडवं येणाऱ्याच्या वाटेत पुढे जन्मोजन्मी अडसर येतात, हे त्या घरात भिंतींनाही पाठ होतं. नास्तिकासारखं बोलणारे रसिकलालही हा एक शब्द ऐकला की माघार घ्यायचे.

तोड निरालीनेच काढली.

"बा, एक अट. आकडा सत्तरच्या खाली गेला किंवा दोनशेच्या वर गेला, तर त्या क्षणी पारणं. रडायचं नाही, भांडायचं नाही."

"आणि मधे राहिला तर?"

"तर तुमचा उपवास कोणी मोडणार नाही. बापुजीही नाहीत."

"वचन?"

"वचन."

डॉक्टरांना विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते, हे निरालीला माहीत होतं. म्हणून तिने विचारलं नाही.

वरच्या मजल्यावर रसिकलालच्या धाकट्या भावाची विधवा तरलाकाकी आणि तिचा मुलगा नीरव राहत. काकीलाही मधुमेह होता, पण इन्सुलिनपर्यंत गेलेला नव्हता, गोळ्यांवर भागत होतं. डॉक्टरही वांकावालाच. बातमी जिन्याने वर गेली आणि काकी जिन्याने खाली आली.

"मलाही लाव ते बटण. भाभी एकट्या मोक्षाला जाणार आणि मी इथे भाकऱ्या भाजू?"

"तू आधी चार दिवस काढून दाखव," बा म्हणाल्या.

"तुमच्या आधी पारणं केलं तर नाव बदला माझं."

गुरुवारी काकीच्या दंडावरही चकती बसली. दोघी जावांनी शुक्रवारी सकाळी उपाश्रयात, म्हणजे जैन साधू-साध्वी उतरतात तिथे, साध्वी संवेगश्रीजींसमोर हात जोडून पहिल्या उपवासाचं पच्चक्खाण घेतलं. पच्चक्खाण म्हणजे त्या दिवसापुरतं व्रत. अठ्ठाई करणारे ते रोज सकाळी नव्याने घेतात.

उपवासात दिवसा उकळलेल्या पाण्याखेरीज तोंडात काही जात नाही, त्यामुळे गोळ्या आपोआप बंद झाल्या. राहिलं इंजेक्शन. सुई म्हणजे काही खाणं नव्हे, असं बा स्वतःच म्हणाल्या. पण संध्याकाळी आकडा एकशे बारा होता. पोट रिकामं, त्यात इन्सुलिन गेलं तर साखर पन्नासवर येईल, बा झोपेत बेशुद्ध पडतील, असा हिशेब निरालीने केला. तिने इन्सुलिनचं पेन फ्रिजच्या दारात परत ठेवलं. निर्णय तिने एकटीने घेतला, आणि त्याला अर्धा मिनिटसुद्धा लागला नाही.

शनिवारी एकशे सव्वीस. रविवारी एकशे एकतीस. मोहनथाळाच्या दिवशी डोंगरासारखी उठलेली रेघ आता ताणलेल्या दोरीसारखी सरळ झाली होती. निराली रोज सकाळी तिचा फोटो 'झवेरी परिवार' या गटावर टाकायची. एक्केचाळीस माणसं होती त्यात. पाठोपाठ अनुमोदनांचा, म्हणजे तपाच्या कौतुकाचा, पाऊस पडायचा. अँटवर्पच्या एका मामांनी लिहिलं, 'सतरा वर्षांची औषधं जे करू शकली नाहीत ते तीन उपवासांनी केलं. डॉक्टरांना दाखवा.' निरालीने ते बांना वाचून दाखवलं. तिला बरं वाटलं. घरातल्या सगळ्यांना जे जमलं नव्हतं ते आपण जमवलं, असंही तिच्या मनात आलं.

रविवारी दुपारी बांना दोनदा उलटी झाली. निरालीने त्यांची पाठ चोळली.

"तिसरा जड जातो, बा. मलाही झाली होती. चौथ्याला थांबते."

हे खरं होतं. तीन वर्षांपूर्वी तिने स्वतः अठ्ठाई केली होती. तिसऱ्या दिवशी तिला उलट्या झाल्या होत्या, डोकं गरगरलं होतं, तोंडाला पिकून उतरलेल्या फळांसारखा वास आला होता. तोच वास आता बांच्या तोंडाला होता. साँजी म्हणायला, म्हणजे तपस्व्यांसाठी गाणी गायला आलेल्या बायकांनीही तो ओळखला. उपवासाचा वास. त्या मोहल्ल्यात पर्युषणात दर चौथ्या घरात तो असायचा.

"शाता आहे ना, जसुमतीबेन?" एकीने तब्येत विचारली.

"शाता आहे." बांचा आवाज ओढलेला होता.

"माझा एकशे चव्वेचाळीस, भाभींचा एकशे एकतीस," तरलाकाकी भिंतीला टेकून म्हणाली. "आजारातसुद्धा त्या माझ्या पुढे. कमाल आहे."

बायका हसल्या. बासुद्धा हसायला गेल्या, पण त्यांना धाप लागली.

सोमवारी रसिकलाल बराच वेळ बांच्या पलंगाशी खुर्ची घेऊन बसले होते. अकराच्या सुमारास त्यांनी निरालीला हाक मारली.

"हिच्याकडे बघ. ही श्वास घेत नाहीये, विहिरीतून पाणी उपसतेय."

"बापुजी, एकशे अठ्ठेचाळीस आहे. बाण आडवा आहे. आडवा म्हणजे स्थिर."

"मी तुला फोन बघ म्हटलं नाही. हिच्याकडे बघ म्हटलं."

"बघतेय ना. अशक्तपणा आहे. चौथा आहे."

"मग फोनलाच विचार, हिला काय होतंय ते."

पलंगावरून बांनी हात हलवला. "अहो, झालं ना आता. अर्धं झालं. उद्या मला जन्मवांचनाला जायचंय. चौदा स्वप्नं उतरतील. तुम्ही आडवे येऊ नका."

रसिकलाल उठून गॅलरीत गेले. निरालीने पुन्हा आकडा पाहिला. शब्द द्यायला तिच्या मागे कोणी लागलं नव्हतं, पण तिने तो दिला होता, आणि आकडा तिच्या शब्दाच्या बाजूने होता.

मंगळवार, पाचवा उपवास. महावीरांच्या जन्माचं वाचन त्याच दिवशी असतं. उपाश्रयात महावीरांच्या आईला पडलेल्या चौदा स्वप्नांच्या चांदीच्या प्रतिमा दोरीने खाली उतरवतात आणि सगळा मोहल्ला तिथे लोटतो. सकाळी बांना जिना उतरवेना. म्हणून आठला संवेगश्रीजी स्वतःच पच्चक्खाण द्यायला घरी आल्या, बरोबर आणखी एक साध्वी. आधी वरच्या मजल्यावर तरलाकाकीला दिलं, मग खाली आल्या.

संवेगश्रीजी पंचावन्नच्या होत्या. त्यांनी पलंगापासून हातभर अंतरावर उभं राहून बांकडे नीट पाहिलं.

"निराली, यांचा श्वास असा कधीपासून आहे?"

"कालपासून, महाराजसाहेब. चौथ्या-पाचव्याला मलाही थकवा होता. हे पाहा ना, साखर किती छान आहे." तिने फोन पुढे केला.

साध्वीजींनी फोनच्या उजळलेल्या पडद्यावरून नजर काढून घेतली. "आम्ही ते पाहत नाही. तू सांग."

"एकशे सहासष्ट. दोनशेच्या आत आहे. पाच दिवसांत एकदाही बाहेर गेली नाही."

"डॉक्टरांना विचारलंस?"

निरालीने फोन मागे घेतला. "त्यांनीच लावलंय हे."

बांनी कष्टाने हात जोडले. "द्या, महाराजसाहेब."

"जसुमतीबेन, शरीर नको म्हणत असेल तर आज थांबा. चार उपवासही तपच आहे."

"आकडा चांगला आहे." बा एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या. "सुनेला विचारा."

संवेगश्रीजींनी पुन्हा निरालीकडे पाहिलं. निराली म्हणाली, "द्या, महाराजसाहेब. मी आहे."

साध्वीजींनी पच्चक्खाण दिलं.

अकरा चाळीसला बांनी पाणी मागितलं. निराली पेला घेऊन आली तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती. हाक मारल्यावर ओठ हलले, शब्द निघाला नाही. तिने सवयीने फोन पाहिला. एकशे सहासष्ट, बाण आडवा. तेव्हा पहिल्यांदा तिला त्या आकड्याची भीती वाटली.

रुग्णवाहिका पंधरा मिनिटांत आली. अतिदक्षता विभागात डॉक्टर मेकवान नावाच्या चाळिशीच्या बाई होत्या. त्यांनी रक्त काढलं, नळ्या लावल्या, श्वासाचं यंत्र लावलं आणि एक वाजता बाहेर आल्या. हातात निरालीने लिहून दिलेली औषधांची यादी होती.

"यातली ही पिवळी गोळी शेवटची कधी घेतली?"

"गुरुवारी सकाळी."

"इन्सुलिन?"

"तेही गुरुवारीच शेवटचं. शुक्रवारपासून मी दिलं नाही. साखर कमी होती म्हणून."

"जेवण?"

"आज पाचवा उपवास."

डॉक्टर मेकवान घाईत होत्या, तरी भिंतीशी उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. ती गोळी साखर लघवीतून बाहेर काढते आणि बंद केल्यावरही तिचा अंमल चार-पाच दिवस उतरत नाही. वरून इन्सुलिन बंद झालं, अन्न बंद झालं. मग शरीर चरबी जाळत सुटलं आणि तिच्यातून निघणारं आम्ल रक्तात साठत गेलं. श्वास जोराने चालला होता तो ते आम्ल बाहेर टाकायला.

"पण आकडा एकशे सहासष्ट होता," निराली म्हणाली.

"बरोबरच होता. आम्हीही मोजला. यंत्रात बिघाड नाही. ते साखर मोजतं, आम्ल मोजत नाही. साखर लघवीतून जात होती, म्हणून तुमची रेघ सरळ दिसली."

"मीही अठ्ठाई केलीय. मलाही उलट्या झाल्या होत्या. वासही हाच होता."

"वास सारखाच येतो. पण तुमच्या शरीरात स्वतःचं इन्सुलिन आहे, ते आम्लाला एका मर्यादेत ठेवतं. यांच्यात नव्हतं. ही गोळी उपवासाच्या आधी तीन-चार दिवस थांबवायची असते, आणि इन्सुलिन असं तोडायचं नसतं. डॉक्टरांना विचारलं होतं का?"

"नाही."

"किडन्या थांबल्यात. हृदय दमलंय. आम्ही करतोय." त्या आत गेल्या.

रसिकलाल बाकावर बसून सगळं ऐकत होते. निरालीच्या हातातला फोन थरथरला. 'झवेरी परिवार'वर नीरवने फोटो टाकला होता. सरळ रेघ, एकशे अडतीस. खाली लिहिलं होतं, 'मम्मीचा पाचवा. दुपारी जन्मवांचनाला निघणार.' त्याच्याखाली सात अनुमोदना आल्याही होत्या.

निरालीने तिथूनच त्याला फोन लावला.

"भाभी, बा कशा आहेत?"

"नीरव, काकी सकाळी कोणत्या गोळ्या घेतात? एक पिवळी आहे का?"

"आता तर बंद आहेत सगळ्या. का?"

"आहे का पिवळी? बघून सांग."

तो बघून आला. "आहे."

"त्यांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात घेऊन ये. उपवास सोडायला लाव."

नीरव समजुतीच्या सुरात म्हणाला, "भाभी, तुम्ही घाबरलाय, मी समजू शकतो. पण मम्मी साडी नेसून बसलीय. थोडी मळमळ आहे, बाकी ठणठणीत. आकडा तर बांपेक्षा चांगला आहे. पाच झालेत, तीन राहिलेत. तुम्ही तिच्याजवळ असलं काही बोलू नका. आपल्याला अंतराय नको."

निरालीने फोन ठेवला आणि सासऱ्यांसमोर उभी राहिली.

"बापुजी, काकीपण तीच गोळी घेतात."

रसिकलालनी आतल्या दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मग इथे काय करतेस?"

ती रिक्षाने निघाली. दोन वाजून पाच मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावर पोचली. तरलाकाकी लाल बांधणी नेसून खुर्चीवर बसली होती. नीरव चपला घालत होता. काकीच्या तोंडाला वास होता, पण तो तसा असणारच होता. श्वास बांइतका जोराचा नव्हता. निराली तिच्याकडे पाहत राहिली, आणि नुसत्या पाहण्याने तिला काहीच कळेना.

"भाभी कशा आहेत?" काकीने विचारलं.

"बेशुद्ध आहेत. श्वास यंत्रावर चाललाय. काकी, तुमचंही तेच होईल. ती गोळी अजून अंगात आहे. आकडा खोटं सांगत नाही, पण सगळं सांगत नाही. चला माझ्याबरोबर."

काकीचे डोळे भरले. मग तिने पदराने तोंड पुसलं.

"भाभी गेल्या तर त्या तपात जातील. मी का मोडू?"

"काकी, पाया पडते."

"पडू नकोस. तूच आकडे वाचून दाखवत होतीस ना? तूच म्हणालीस, मधे असला की कोणी मोडायचा नाही. आता तुझीच जीभ उलटी कशी फिरते? नीरव, चल. उशीर होतोय."

नीरव दोघींच्या मधे येऊन उभा राहिला. वाद घालून उपयोग नव्हता. निराली जिना उतरली आणि उपाश्रयाकडे धावत सुटली.

उपाश्रय गच्च भरला होता. स्वप्नं अजून उतरायची होती. बायकांच्या बाजूला पुढे साध्वी बसल्या होत्या. निराली बसलेल्या बायकांच्या गुडघ्यांना अडखळत तिथपर्यंत गेली. कोणीतरी तिला घरी घालायच्या कपड्यांवरून टोकलं. तिने संवेगश्रीजींसमोर हात जोडले.

"महाराजसाहेब, सकाळी मी तुम्हाला आकडा सांगितला. आकडा खरा होता. त्याचा अर्थ मी चुकीचा सांगितला. डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं. तुमच्यापुढे विचारल्याचं भासवलं."

आजूबाजूच्या बायका वळून पाहू लागल्या.

"जसुमतीबेन?"

"वाचतील असं वाटत नाही. पण तरलाकाकी वाचतील. त्या माझं ऐकत नाहीत."

संवेगश्रीजींनी दांडा घेतला आणि त्या उठल्या. एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "महाराजसाहेब, आता स्वप्नं उतरतील." त्यांनी उत्तर दिलं नाही. भादव्याच्या उन्हात, तापलेल्या डांबरावरून त्या अनवाणी चालल्या. मागे दुसरी साध्वी आणि निराली. काकी आणि नीरव त्यांना रस्त्यातच भेटले. काकी मुलाच्या खांद्यावर भार टाकून चालत होती. साध्वीजींना पाहून ती थांबली आणि तिने हात जोडून वंदन केलं.

"मत्थएण वंदामि. महाराजसाहेब, तुम्ही इकडे?"

"तरलाबेन, सकाळी मी तुम्हाला पच्चक्खाण दिलं, त्यात चार आगार होते. चार सवलती. शेवटची कोणती?"

काकीला ती माहीत होती. रोज सकाळी ऐकत होती.

"शरीराची समाधी ढळली तर औषध घेता येतं, व्रत मोडत नाही. ही सवलत मी बनवलेली नाही. ती व्रतातच आहे, पहिल्यापासून. घरी जा, मुगाचं पाणी घ्या आणि दवाखान्यात जा."

"मला काही झालेलं नाही, महाराजसाहेब."

"जसुमतीबेनही सकाळी हेच म्हणाल्या. मी ऐकलं." संवेगश्रीजींचा आवाज पहिल्यांदा हलला. "तुमचं ऐकणार नाही."

काकीने घरी मुगाचं पाणी घेतलं. दोन घोट घेतले आणि पेला नीरवच्या हातात देऊन निरालीकडे पाहिलं.

"पाच उपवास होते माझे. बांधलास अंतराय. आता भोग."

"भोगेन, काकी. चला."

तीन वीसला ते हॉस्पिटलमध्ये पोचले. काकीच्या रक्तात आम्ल वाढायला लागलं होतं. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी अहवाल पाहून नीरवला विचारलं, आणायला कोणी सांगितलं. नीरवने निरालीकडे बोट दाखवलं. डॉक्टर म्हणाले, उद्या आणलं असतं तर वरच्या मजल्यावर न्यावं लागलं असतं.

चार चाळीसला निराली काकीला दाखल करायचा कागद भरत होती. रसिकलाल स्वतः जिना उतरून आले. लिफ्ट होती, पण ते जिन्याने आले.

"निराली, वर ये." मग म्हणाले, "सावकाश ये. आता घाई नाही."

त्या संध्याकाळी गटावर एक्केचाळीस माणसांनी एकमेकांना सांगितलं की असं मरण भाग्यवंताला येतं. पाचवा उपवास, जन्मवांचनाचा दिवस, मुखी नवकार. नवकार कोणी ऐकला नव्हता. निरालीने ते सगळं वाचलं आणि खाली लिहिलं. गोळीचं नाव, इन्सुलिन कोणी बंद केलं, डॉक्टरांना का विचारलं नाही, आणि आम्ल हा सेन्सर मोजत नाही. शेवटी लिहिलं, 'मी टाकलेले फोटो पाहून कोणी उपवासाला बसलं असेल तर आजच डॉक्टरांकडे जा.' मग हाँगकाँगहून निघालेल्या सौमिलचा विमानतळावरून फोन आला.

"हे सगळ्यांसमोर लिहायची गरज होती? बांच्या तपावर डाग लागतो, निराली."

"फोटो सगळ्यांसमोरच टाकले होते," ती म्हणाली.

शुक्रवारी संवत्सरी. वर्षभरात कळत-नकळत दुखावलेल्या प्रत्येकाची क्षमा मागायचा दिवस. तरलाकाकीला दुपारी घरी सोडलं. झवेरींच्या घरात माणसं येत होती, हात जोडून मिच्छामि दुक्कडं म्हणत होती आणि जात होती. निरालीलाही म्हणत होती. ती उत्तर देत होती. संध्याकाळच्या प्रतिक्रमणाच्या, म्हणजे वर्षभराच्या चुकांच्या प्रायश्चित्तविधीच्या, आधी ती वरच्या मजल्यावर गेली.

काकी पलंगावर पडून होती. हाताला सलाइनची पट्टी तशीच होती. नीरवने निरालीला पाहिलं आणि तो बाहेर गेला. दारातून जाताना त्याने हात जोडल्यासारखं केलं.

"काकी, मिच्छामि दुक्कडं."

काकी छताकडे पाहत होती. "कशाबद्दल? माझ्या उपवासांबद्दल?"

"नाही. ते मी पुन्हा मोडीन."

काकीने मान वळवली. तिने निरालीकडे इतका वेळ पाहिलं की निरालीला जोडलेले हात जड वाटायला लागले.

"मग भाभींबद्दल."

"हो."

"चाळीस वर्षं आम्ही जावा होतो," काकी म्हणाली. "तुझ्यावर राग धरायला मला आता त्राणही नाही. पण ती क्षमा माझ्याकडे मागू नकोस, निराली. माझ्याकडे ती नाही."

खाली प्रतिक्रमणाला जाणाऱ्यांच्या हाका सुरू झाल्या होत्या. निरालीने हात सोडले आणि ती काकीच्या पायांशी, पलंगाच्या कडेला बसली. काकीने तिला ऊठ म्हटलं नाही, बसही म्हटलं नाही.